माणिकबाईंच्या वहीतली चूक

अकोटच्या बसस्थानकामागे अब्दुल रहीम यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आधी ते टाइपरायटर दुरुस्त करायचे. तो धंदा बसला, तेव्हा हा माणूस पस्तिशीत कॉम्प्युटर शिकला आणि लिनक्सच्या असा नादी लागला की विचारू नका. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. त्याचे शेकडो प्रकार, त्यांना डिस्ट्रो म्हणतात. रहीमभाऊ दर दोन महिन्यांनी आपल्या लॅपटॉपवर डिस्ट्रो बदलत आणि दुकानात आलेल्याला चहा पाजून तिचे गुण ऐकवत. चहा संपेपर्यंत त्या बिचाऱ्याची सुटका नसे.

माणिकबाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. बत्तीस वर्षांच्या आठवणी लिहायच्या म्हणून साठीनंतर त्या रहीमभाऊंकडून एका जुन्या कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला शिकल्या. प्रत्येक पायरी वहीत उतरवून घेत. त्यांना त्यातलं साधं लिनक्स मिंट पुरेसं होतं. ते पाच वर्षं निवांत चालतं, फार काही मागत नाही. रहीमभाऊंना हे चांगलं ठाऊक होतं. तरी त्यांनी बाईंच्या मशीनवर टाकली ती आपल्या लॅपटॉपवरची, सतत नवी होत राहणारी डिस्ट्रो. तिला दर आठवड्याला अपडेट द्यायचं, आणि त्याआधी काय बदललं ते वाचायचं. हे बाईंनी कसं करावं? पण अख्ख्या अकोटात असं मशीन फक्त आपल्याच गिऱ्हाइकाकडे, हे सांगण्यात ऐट होती. "अपडेट मांगलं का हो म्हणा, बाई," एवढंच त्यांनी शिकवलं.

मग मुलीच्या, चंदाच्या बाळंतपणासाठी बाई दोन महिने अमरावतीला गेल्या. परत येऊन मशीन लावलं, त्यानं अपडेट मागितलं, बाईंनी हो म्हटलं. दोन महिन्यांचं सगळं एकदम आलं, आणि पडदा काळा झाला.

बाई ऑटोत मशीन घालून दुकानात आल्या. काय झालंय ते रहीमभाऊंना बघताक्षणी कळलं. पण ते तोंड उघडायच्या आत बाईच म्हणाल्या, "माह्याच हातानं बिघडलं, रहीमभाऊ. मी कायतरी उलटंसुलटं दाबलं असन. तुमाले उगीच तरास."

समोर दोन गिऱ्हाइकं चहा पीत बसली होती. त्याच डिस्ट्रोचं कौतुक त्यांना आत्ताच ऐकवून झालं होतं. रहीमभाऊ म्हणाले, "होते असं कधी कधी."

बाईंच्या आठवणींची चाळीस पानं शाबूत होती. रहीमभाऊंनी मिंट टाकलं आणि मशीन घरी नेऊन दिलं. बाईंनी त्यावर कापड झाकलं. "राहू द्या तिथंच. मी आता हात नाई लावत. आपल्यानं होनारं काम नाई हे."

पंधरा दिवस रहीमभाऊंना अन्न गोड लागेना. बाईंच्या गल्लीवरून जायचं ते टाळू लागले. शेवटी बायकोला, शकीलाला त्यांनी सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "गलती तुम्हारी, और शरम उनको?" रहीमभाऊंना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ते तसेच उठून बाईंच्या घरी निघाले.

बाईंनी वही पुढे केली. "ही घेऊन जा, दुसऱ्या कोनाले कामात येईन." शेवटच्या पानावर शाळेच्या फळ्यावरचं ते वळणदार अक्षर होतं: माझी चूक. अपडेटला हो म्हटले.

"चूक माही हाय, बाई," रहीमभाऊ म्हणाले. "मी जसं शिकवलं तसंच तुमी केलं. मीच नको ते टाकलं, माह्या मोठेपनासाठी."

बाईंनी विचारलं, "मंग त्या दिवशी काहून बोलले नाई?"

"दुकानात मानसं बसले होते."

"त्या दिवशी बसले होते. बाकीचे चौदा दिवस?"

 मान खाली घालून रहीमभाऊंनी खिशातला पेन काढला आणि ती ओळ खोडायला वाकले. बाईंनी वही ओढून घेतली, लाल पेनानं स्वतः ओळ खोडली आणि वही परत त्यांच्यापुढे ठेवली.

"आता खाली लिवा, चूक कोनाची ते. पुऱ्या नावानं."

पन्नाशी उलटलेला माणूस चटईवर बसून लिहू लागला. अक्षर वाकडं येत होतं. बाईंनी लिहिलेलं मोठ्यानं वाचलं, मग मशीनवरचं कापड काढलं.

"बसा. मी चालू करते. तुमी हात लावू नका."