मुळशीला जाताना बुटांचा एक जोड जास्त घ्या

आधी एक खुलासा. आम्ही राहतो मारुंजीला, आणि आमच्या फ्लॅटच्या करारनाम्यावर ठसठशीत लिहिलंय, ‘तालुका मुळशी’. म्हणजे ही सहल मुळशीहून मुळशीलाच झाली. पण ज्या गॅलरीतून समोरच्या टॉवरमधले वाळत घातलेले टॉवेल तेवढे दिसतात, तिला मुळशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मुळशी म्हणजे धरण, धुकं आणि पिठलं-भाकरी. त्या मुळशीला जायचं ठरलं, आणि तेही मी आणि माझी पावणेतीन वर्षांची मुलगी जुई, अशा दोघांनीच.

कारण होतं अनघाची, म्हणजे माझ्या बायकोची, बँकेतल्या बढतीची परीक्षा. पेपर रविवारी. शनिवारचा दिवस अभ्यासाला मिळावा म्हणून ती कोथरूडला माहेरी जाणार होती. मी म्हटलं, “जुईला मी नेतो की मुळशीला. त्यात काय!”

‘त्यात काय’ ऐकल्यावर अनघानं पुस्तक मिटलं.

“एकच अट. डायपर लावायचा नाही. काहीही झालं तरी.”

अट साधी नव्हती. तीन आठवड्यांपूर्वी अनघानं आठ दिवस रजा टाकून जुईचा डायपर सोडवला होता. दर तासाला तिला उचलायचं, हिरव्या बेडकावर बसवायचं (बेडूक म्हणजे तिचं प्लास्टिकचं भांडं), फरशी पुसायची, चड्ड्या धुवायच्या, आणि फत्ते झाली की फ्रिजवरच्या कागदावर चांदणी चिकटवायची. या सगळ्यात माझं खातं टाळ्या वाजवण्याचं. शेवटचे चार दिवस घर कोरडं होतं. आता मध्येच डायपर लावला की पोरगी पुन्हा पहिल्यापासून, आणि अनघाची रजा तर संपलेली.

“दिला शब्द,” मी म्हटलं. आणि ती पाणी प्यायला उठल्यावर बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात एक डायपर हळूच सरकवला. एकच हो. शब्द शब्दाच्या जागी, डायपर डायपरच्या जागी.

शनिवारी सकाळी निघालो. मारुंजीकरांनो, चांदणी चौकाचा वळसा घेऊ नका. हिंजवडी ओलांडा आणि माण, घोटावडे करत थेट पौड गाठा. माणपर्यंत रस्ता डंपरवाल्यांचा, पुढे आपला. घोटावड्याच्या अलीकडे दोन्ही बाजूंना भाताची खाचरं कापून मोकळी झालेली होती, थंडी मस्त होती, मागे जुई गाणं म्हणत होती. मी स्वतःवर इतका खूश होतो की विचारू नका.

तेवढ्यात फोन वाजला. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला होता. ‘गेटजवळ हिरवा बेडूक पडला आहे. कोणाचा?’

गाडीत सामान भरताना हात मोकळे हवेत म्हणून मी बेडूक टपावर ठेवला होता, आणि तसाच निघालो होतो. मी खोटं काहीतरी रचायच्या आत खाली अनघाचं उत्तर आलं. ‘आमचा आहे. वॉचमनकडे ठेवा.’ मला मात्र तिनं एक अक्षर पाठवलं नाही. नवरेमंडळींना याचा अर्थ सांगायला नको.

पौडला मिसळ खायला थांबलो. मिसळ झणझणीत, तर्री मागाल तितकी, आणि मुलांसाठी गरम इडली मिळते. आता बेडूक नाही म्हटल्यावर माझी सगळी भिस्त विचारण्यावर होती. फोनवर दर दहा मिनिटांचा गजर लावला. गजर झाला की मी विचारायचो, “जुई, शू आली?”

“नाही.”

“नक्की?”

“नाही ना!”

आणि दुसऱ्या इडलीला तिच्या खुर्चीतून धार लागली. मी टिश्यू घेऊन टेबलाखाली शिरलो, तर मालक वरून म्हणाले, “ऱ्हाऊ द्या हो सायेब, पोरं हायेत. सांबार तर रोजच सांडतं.” माझा आणि सांबाराचा कायमचा संबंध संपला, पण माणूस दिलदार.

धरणाच्या काठाकाठानं जाणारा रस्ता सुरेख आहे. पाणी काठोकाठ, पलीकडे डोंगर निळे. मी फोटो काढेपर्यंत दुसरी चड्डी गेली. नऊ आणल्या होत्या.

आम्ही उतरलो हिरामावशींकडे. धरणाच्या पुढे रस्त्यापासून थोडं खाली, पाण्याच्या तोंडावर त्यांचं घर आहे. भाताची शेती, दोन म्हशी आणि पाहुण्यांसाठी मागे बांधलेल्या दोन खोल्या. राहणं, दोन वेळचं जेवण आणि नाश्ता मिळून मला अठराशे पडले. जुईचे त्यांनी घेतले नाहीत. म्हणाल्या, “ती कितीसं खाणार?” खरं तर तिनं त्यांचा गूळ संपवला, पण ते नंतर.

खोलीला कमोड होता, नवाकोरा आणि चांगलाच उंच. जुईनं आत डोकावलं आणि माझ्या गळ्याला मिठी मारली. “मी आत पडीन.” मी धरतो म्हटलं, गोष्ट सांगतो म्हटलं, स्वतः बसून दाखवलं. छे! मागच्या अंगाला साधा संडास होता, तो तर तिला विहीरच वाटला. दुपारी जेवायला पावट्याची उसळ, तांदळाची भाकरी आणि इंद्रायणीचा वाफाळता भात होता. मी दोनदा भात घेतला. जुईनं घास तोंडात घेतला नाही.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. शू सांडत का होईना, होत होती. शी मात्र शुक्रवार सकाळपासून झालीच नव्हती. चार वाजेपर्यंत तिचं पोट घट्ट झालं. पाय आवळून ती पडद्यामागे उभी राहिली. गजर होत होता, मी विचारत होतो, ती नाही म्हणत होती. शेवटी रडायला लागली आणि म्हणाली, “बाबा, डायपर दे.”

खरं सांगतो, मोडलो मी. तिनं मागितला म्हणून नाही. इतक्या गरीब आवाजात मागितला म्हणून. चार दिवस घरभर “मी मोठी झाले” करत नाचणारी पोरगी ती. कप्प्यातून डायपर काढून मी पायरीवर बसलो. अनघाचे आठ दिवस माझ्या हातात होते आणि समोर पोर कळवळत होतं.

हिरामावशी चहा घेऊन आल्या. एकदा डायपरकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

“कुणाला लावताय? तुमाला का तिला?”

मी सगळं सांगितलं. बेडूक, टप, कमोड, सगळं. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या.

“मंग पायावं का न्हाई बसवत?”

“कुणाच्या?”

“माज्या व्हय? मला कुटं वळखती ती! तुमच्या पायावं. आईनं तुमाला तसंच बसवलं आसंल की.”

बसवलं असणारच. पण माझ्या दोन पायांचा असा काही उपयोग असतो, हे मी पार विसरलो होतो. मावशींनी मागच्या मोरीजवळ कढीलिंबाच्या झाडाखाली पाट मांडला. मला बूट-मोजे काढायला लावले. पाटावर बसायचं, पाय पुढे घ्यायचे, दोन पावलांत वीतभर अंतर, आणि पोराला तोंड आपल्याकडे करून पावलांवर बसवायचं. ऐकायला सोपं आहे. दहा वर्षं खुर्चीत बसून नोकरी केलेल्या माणसाचे गुडघे काय बोलले, ते इथे लिहिता येणार नाही. मावशींनी माझ्या पावलांवर कोमट पाणी ओतलं तेव्हा जुई पहिल्यांदा हसली. मग येऊन बसली. माझे गुडघे तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरले.

“जुई, आली?” मी विचारलं.

“गप बसा!” मावशी ओरडल्या. “सकाळधरनं इचारताय न्हवं? तुमी आत गेल्यावं मी दारावं धा-धा मिंटाला इचारलं, आली का, आली का, तर तुमाला व्हईल का?”

नाही होणार. गजर बंद केला. मावशी म्हशींकडे निघून गेल्या. मग आम्ही दोघं नुसते बसलो. जुईनं माझ्या पायाचे केस मोजले, एक, दोन, पाच. एक बगळा पाण्यावरून गेला. चहा थंड झाला, पावलांना मुंग्या आल्या, आणि मी हूं की चूं केलं नाही. तिचं सगळं वजन माझ्या पावलांवर होतं. पावणेतीन वर्षांत हे पोर असं माझ्या भरवशावर कधी बसलं नव्हतं. बसायचं ते अनघाच्या, आणि मी दारातून टाळ्या वाजवायचो. मला स्वतःची लाज वाटली.

आणि झाली! मी टाळी वाजवणार होतो, पण हात तिच्या पाठीला होते.

घरी ती फ्लश ओढून शीला टाटा करते. इथे फ्लश कुठला? मावशींनी तिला चुलीतल्या राखेची वाटी दिली. “घाल वरनं.” जुईनं वाटी उपडी केली, टाटा केला आणि जेवायला मागितलं. त्या रात्री तिनं दीड भाकरी खाल्ली, वर गुळाचे खडे.

रविवारी सकाळी गादी ओली. मी गादी लपवायच्या बेतात होतो, तर मावशींनी ती उचलून उन्हात टाकलीसुद्धा. “लई दिस गादीला ऊन न्हवतं दावलं,” एवढंच म्हणाल्या. नाश्त्याला थालीपीठ आणि लोणी. मग जुईला घेऊन पाण्याकाठी दगड मारत बसलो. दिवसभर मी एकदाही विचारलं नाही. करून बघा, उपास सोपा पडेल. मधे मधे ती जवळ येऊन घुटमळली की मी पाय पुढे करायचो. दोनदा जमलं, एकदा नाही.

परतताना अनघाला कोथरूडहून घ्यायचं होतं, म्हणून पौड रस्त्यानं आलो. रविवार संध्याकाळ आणि हा रस्ता, चूक माझीच. भूगावात गाड्या ज्या थांबल्या त्या थांबल्याच. जुई पाणी पिऊन बसलेली, शेवटची चड्डी अंगावर. कप्प्यातला डायपर मला हाका मारत होता. दहा मिनिटं लावला तर कुणाला कळणार आहे? तीनदा माझ्या तोंडाशी आलं, “जुई, आली?” तीनदा गिळलं.

“बाबा,” मागून आवाज आला, “शू आली.”

तिनं हे स्वतःहून कधीच सांगितलं नव्हतं. घरीही नाही. तिथे घड्याळ सांगायचं.

मी गाडी डावीकडे दाबली. मागच्यांनी माझा उद्धार केला. शेजारी एका बिल्डरचा प्लॉट होता, ‘निसर्गाच्या कुशीत’ असा फलक लावलेला. दगडावर बसलो, पाय पुढे घेतले. बूट काढायला वेळच नव्हता. प्लॉटचा रखवालदार काठी घेऊन धावत आला. “ओ साहब! इधर नहीं!” मग त्याला जुई दिसली. तो थांबला, आमच्याकडे पाठ करून उभा राहिला आणि रस्त्यावरून बघणाऱ्या बाइकवाल्यांना म्हणाला, “चलो चलो, बच्ची है.” घाईत जुई नीट बसली नव्हती. सगळं माझ्या नव्या बुटांत गेलं.

कोथरूडला अनघा फाटकातच उभी होती. पेपर बरा गेला होता. तिनं जुईला कडेवर घेतलं, चड्डी चाचपली. कोरडी. मग तिचं लक्ष खाली गेलं.

“बूट कशानं भिजले?”

“मी सांगितलं!” जुई ओरडली. “मी बाबाला सांगितलं!”

“तू विचारलं होतंस?” अनघानं मला विचारलं. मी नाही म्हटलं. तिनं जुईच्या खांद्यात तोंड लपवलं. मलाही भरून आलं. भर फाटकात, ओल्या बुटांत.

त्या भरात मी कप्प्यातून डायपर काढून तिच्या हातात दिला. “हा नेला होता. वापरला नाही.”

“माहितीये. निघतानाच दिसला होता मला.”

“मग काढून का नाही ठेवलास?”

“राहू दे म्हटलं,” अनघा म्हणाली. “माझ्याकडेही आठ दिवस एक होता. उशीखाली.”

मारुंजीला पोचल्यावर वॉचमननं बेडूक सुपूर्द केला. अनघानं तो धुवून जागेवर ठेवला. अर्ध्या तासानं जुई आली, बेडकाकडे ढुंकूनही न बघता माझ्यासमोर उभी राहिली.

“बाबा, शू. पाय दे.”

“आता ही सवय कोण मोडणार?” अनघा म्हणाली.

मी तर नाही मोडणार. फार तर वर्षभर मागेल ती, पुढे बोलावलं तरी यायची नाही. बूट गॅलरीत वाळत आहेत, आणि मी पाट शोधतोय.