फोनवरचा खांदा

खांदेदुखीत हसण्यासारखं काय आहे, असं तुम्ही म्हणाल. पंधरा वर्षं झाशीत फिजिओथेरपी करा, मग बोला! सकाळी पेशंट क्लिनिकात येतात, दुपारी मोबाइलवर. लांबच्या गावाहून बसचे धक्के खात यायचं तर खांदा वाटेतच कामातून जातो, म्हणून ही व्हिडिओची सोय. किस्से मात्र दोन्हीकडे सारखेच साचतात.

क्लिनिकात येणारे एक कुलकर्णीसाहेब, कारखान्यातले इंजिनिअर. "घरी व्यायाम करता ना?" मी विचारलं.

"घरी? मग इथे कशाला येतो, मॅडम?"

हात निदान एकशेवीस अंशांपर्यंत गेला पाहिजे, असं त्यांना बजावलं. साहेबांनी खिशातून पेन काढलं. "प्लस-मायनस किती चालेल?"

मऊरानीपूरचे गुप्ताजी धान्याचे व्यापारी, फोनवरचे पेशंट. पडद्यावर नुसता खांदा नि दंड दिसायचा. पंधरा दिवसांत हात सरळ वर! मी खूश. "गुप्ताजी, अब तो दर्द नहीं होगा?"

"दर्द तो उतना ही है, मैडम."

"पर हाथ तो पूरा ऊपर जा रहा है!"

"हाथ तो मुनीमजी को है. हम तो मोबाइल पकरें हैं!"

गुरसरायच्या काकूंचं मराठी घर पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच स्थायिक झालेलं. नातवंडं हिंदीत बोलतात, काकू मात्र रीत सोडत नाहीत. पाहुणीला चहा दिल्याशिवाय व्यायाम सुरू करायचा नाही, म्हणून फोनसमोर माझ्यासाठी कपबशी! एक दिवस दोन कप दिसले.

"काकू, हे काय?"

"काल फोनमध्ये तुमच्या मागून तुमचे यजमान जाताना दिसले. त्यांना नुसतंच पाठवलं, मला बाई चुटपुट लागली!"

आणि बबीनाच्या छावणीतले सुभेदार शिंदे. यांच्या बायकोचा, सुनंदाताईंचा, उजवा खांदा आखडलेला. केस कमरेपर्यंत, आणि हात मागे जाईना. म्हणून रोज सकाळी सुभेदारच वेणी घालायचे. व्यायामाच्या वेळी फोनही तेच धरायचे आणि परेडवरच्या आवाजात आकडे मोजायचे.

सहा आठवडे झाले तरी हात खांद्याच्या वर जाईना. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यात फरक पडला नाही तर भूल देऊन खांदा मोकळा करावा लागेल. सुभेदारांनी मला एकट्याने फोन केला. "मॅडम, तिला भूल द्यायची वेळ आणू नका. मला भीती वाटते हो."

मला जेवण गेलं नाही. फोनवर माझ्या नजरेतून काहीतरी सुटत असणार, चूक माझीच. दोघांना क्लिनिकात बोलावून घेतलं. सुभेदार बाहेर बाकावर बसले, मी दार लावलं. "करा बघू हात वर."

हात सरळ कानाला लागला. मग मागे मानेपर्यंत गेला, तोही आरामात!

"आणि फोनवर काय होतं?" माझा आवाज चढलाच.

सुनंदाताईंनी दाराकडे पाहिलं. "हळू बोला ना. फोन तेच धरतात." मग खाली बघत म्हणाल्या, "लग्नाला बावीस वर्षं झाली, मॅडम. निम्मी यांच्या पोस्टिंगमध्ये गेली. आता रोज अर्धा तास मागे बसतात, वेणी घालताना गप्पा मारतात. पण ते भूल-बिल नको हो!"

मला राग आला होता, आणि डोळेही भरून आले होते. तेवढ्यात सुभेदारांनी दार ढकललं. "मॅडम, भूल द्यावी लागणार?"

"नाही. खांदा सुटतोय."

सहा फुटी माणूस खुर्चीत मटकन बसला आणि रुमालाने डोळे पुसायला लागला. "मग उद्यापासून रोज इथेच आणतो हिला."

मी सुनंदाताईंकडे पाहिलं. त्या फरशीकडे बघत होत्या.

"नको," मी म्हटलं, "फोनवरच ठीक आहे."