पडदा ओढला की

घंटाबाईंना आपल्या डोक्याचा फार अभिमान होता, आणि तो फुकटचा नव्हता. शाळेत शिपाई म्हणून त्यांचं उभं आयुष्य गेलं, आणि तासांची घंटा द्यायचं काम कायम त्यांच्याकडे. मुख्याध्यापक आले आणि गेले, भिंतीवरची घड्याळं बंद पडली, पण घंटा कधी चुकली नाही. आधी मुलं त्यांना घंटाबाई म्हणायला लागली, मग शिक्षक, आणि निरोपाच्या कार्यक्रमात तर प्रमुख पाहुणेही तेच म्हणून बसले. असं डोकं धडावर असताना त्यांना मुलाचं घर सोडून लेकीकडे यावं लागलं, ते मात्र डोक्यामुळेच.

मुलाकडे असताना त्या काही ना काही विसरल्या होत्या. चष्मा, किल्ली, एकदा शेजारणीचं नाव. किल्ल्या सुनेच्याही हरवत, पण सुनेचं वय तिच्या बाजूने होतं. एका दुपारी मुलगा बहिणीशी फोनवर बोलत होता. "आईचं जरा बिनसलंय. थोडे दिवस तुझ्याकडे ने, तुला काय वाटतं बघ. भलतंसलतं बोलायला लागली तर मला कळव. वृद्धाश्रमात विचारून ठेवलंय मी." दार लोटलेलं होतं, पण घंटाबाईंचे कान शाबूत होते. त्यामुळे लेकीच्या दारात पाऊल टाकतानाच त्यांना ठाऊक होतं की आपण राहायला आलेलो नाही, परीक्षेला बसलो आहोत.

लेकीचं घर भाड्याचं. एक बेडरूम, एक हॉल. जावयांनी हॉलच्या कोपऱ्यात खाट टाकली आणि सासूबाईंना आडोसा हवा म्हणून लाकडी दांडी ठोकून पडदा सोडला. हौशी माणूस. ड्रिल शेजाऱ्याचं, स्क्रू मात्र स्वतः दुकानात जाऊन आणलेले, चांगले लांबलचक. "आई, हत्तीनं ओढला तरी हा पडदा निघायचा नाही," ते म्हणाले. घंटाबाईंना भरून आलं. मुलाकडे त्यांना खोली होती, पण तिचं दार कोणीही न ठोठावता उघडायचं. इथे कापडाचं का होईना, हक्काचं दार मिळालं.

आणि दुसऱ्याच दिवसापासून घरातली वीज जायला लागली.

शेजाऱ्यांकडे दिवे चालू असायचे, अंधार फक्त यांच्याकडे. दाराजवळच्या पेटीत खट् असा आवाज यायचा, मेन पडायचा, पंखा सुस्तावत थांबायचा. लेक घरूनच ऑनलाइन शिकवण्या घ्यायची, ती समीकरण सोडवता सोडवता मुलांसमोरून नाहीशी व्हायची. मग कोणीतरी स्टुलावर चढून खटका वर करायचं. खटकाही काही झालंच नाही अशा थाटात वर राहायचा, आणि मनात आलं की पुन्हा खाली.

पहिला आळ गीझरवर आला. तो बंद ठेवून सगळे गार पाण्याने कुडकुडले, तरी मेन पडला. मग मिक्सरवर संशय, मग फ्रिजवर. शेवटी लेकीने फर्मान काढलं की एका वेळी एकच वस्तू चालेल, त्यामुळे इस्त्री कामावर असली की पाण्याची किटली रजेवर. घरमालकाला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, आधीचे भाडेकरू इतकी वर्षं राहिले, एकदा तक्रार नाही. तुमच्याच एखाद्या वस्तूत दोष असेल." जावई घरभर प्लग काढत आणि लावत फिरायचे आणि दर वेळी नवा गुन्हेगार पकडून आणायचे.

घोडं कुठे पेंड खातंय हे घंटाबाईंना आधी कळलं. त्यांनी दुपारी पडायला म्हणून पडदा ओढला, आणि खट्. संध्याकाळी साडी बदलायला ओढला, आणि खट्.

आता हे सांगायचं कसं? "बाळ, मी पडदा ओढला की घरातली वीज जाते." त्यांनी हे वाक्य मनातल्या मनात म्हणून पाहिलं आणि त्यांना स्वतःलाच ते वेड्या बाईचं वाटलं. भलतंसलतं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? पडद्याला ना वायर, ना बटण. त्या मूग गिळून गप्प बसल्या. पडदा ओढायचाच सोडून दिला, साडी न्हाणीघरात बदलायला लागल्या, भिंतीकडे तोंड करून पडायला लागल्या. वीज जायची थांबली. जावई खूश, कारण नेमका त्याच दिवशी त्यांनी टीव्हीचा प्लग बदलला होता. घंटाबाईंना मात्र धसकाच बसला.

खात्री करावी म्हणून लेक बाहेर गेली असताना त्यांनी हळूच पडदा ओढून पाहिला. काही झालं नाही. पुन्हा ओढला, काही नाही. म्हणजे इतके दिवस आपण जे पाहिलं ते काय होतं? आपण पडदा ओढला म्हणून वीज गेली, की वीज गेल्यावर आपणच मनात तसं जुळवून घेतलं? ज्या बाईने कधी घंटा चुकवली नाही, तिला आपल्या हाताने केलेल्या गोष्टीचा भरवसा वाटेना. त्या खाटेवर बसून राहिल्या आणि त्यांना खूप भीती वाटली. तेवढ्यात लेक आली, तिला डोळे दिसू नयेत म्हणून त्यांनी पडदा झटकन सरकवला, आणि पेटीत खट् झालं.

मग वायरमनला बोलावलं. त्याने पेटी उघडली, मीटर लावून सगळे बोर्ड तपासले आणि मान हलवली. "सगळं ठीक दाखवतंय. कधी जाते, काही अंदाज?"

लेक म्हणाली दुपारी, जावई म्हणाले संध्याकाळी. घंटाबाईंना राहवेना.

"पडदा ओढला की जाते," त्या म्हणाल्या.

कोणी हसलं नाही, तेच वाईट झालं. वायरमन म्हणाला, "ओढा बरं मावशी." तीन माणसं टक लावून बघत असताना घंटाबाईंनी पडदा ओढला, आणि लाजेपोटी असा अलगद ओढला की कड्यांचा आवाजही झाला नाही. दिवा आपला जळत राहिला. त्यांनी दुसऱ्यांदा ओढला. दिवा ढिम्म. वायरमनने हत्यारं पिशवीत भरली आणि पुन्हा गेली तर फोन करा म्हणाला.

"जाऊ दे आई," लेक म्हणाली, "तू चहा घे." ती रागावली असती तर परवडलं असतं. ती गोड बोलली, लहान मुलाशी बोलतात तशी, आणि फोन घेऊन खोलीत गेली.

घंटाबाई स्वयंपाकघरात कप धरून बसल्या. बऱ्याच वेळाने लेक बाहेर आली आणि आईची खाट आवरायला पडद्याआड शिरली. तिचं कशावरून तरी बिनसलं होतं. उशा आपटल्याचा आवाज झाला, मग अडलेल्या कडीला हिसका देऊन पडदा ओढल्याचा, आणि स्वयंपाकघरातला पंखा थांबला.

मग स्टूल सरकलं, खटका वर झाला, पंखा फिरला. पुन्हा पडद्याला हिसका बसला. पंखा थांबला.

वायरमन अर्ध्या रस्त्यातून परत आला. त्याने दांडीचा स्क्रू काढून उजेडात धरला, टोक काळं पडलेलं. "बोर्डाच्या सरळ वर भोक पाडतं का कोणी? हा आतल्या वायरीत घुसलाय. जोरात ओढलं की दांडी हलते, दोन वायरी याला टेकतात, मेन पडतो. पडला म्हणून वाचलात." जावयांनी मान खाली घातली आणि आपलेच लांबलचक स्क्रू खिशात टाकले.

वायरमन गेल्यावर लेक आईशेजारी खाटेवर बसली. "तुला कधीपासून माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तू दादाला फोन केला असतास."

लेकीने मान वळवली. तिचे डोळे भरले. "मघाशी केला, आई," ती म्हणाली. "वायरमन पहिल्यांदा गेला तेव्हाच. तो रविवारी तुला न्यायला येणार होता. आता नको म्हणून सांगते त्याला."

घंटाबाईंना फार लागलं ते. पण त्याच्या मागोमाग, कसं कोण जाणे, त्यांना सुटल्यासारखंही झालं. लेक फोन करायला उठली तेव्हा त्या खाटेवर ताठ बसल्या होत्या. पडद्याचं त्यांना बरोबर कळलं होतं, आणि लेकीचंही. डोकं अगदी ठिकाणावर होतं.