पत्रूचा किलब

पत्रू निकुरेच्या डोक्यात नवं खूळ शिरलं नाही असं वर्ष वाकडझरीत जात नसे. एका साली त्याने दंडार उभी केली. नाटकात राजाचं काम करणारा ऐन वेळी रुसला आणि दंडार मोडली. पुढच्या साली भजनमंडळ निघालं, ते टाळ कुणाच्या घरी ठेवायचे यावरून फुटलं. मग मधमाश्या पाळल्या. त्या मधमाश्यांविषयी मात्र तो स्वतःही फारसं बोलत नसे.

गावातले मोठे शेतकरी गुणवंतराव पाटील म्हणत, पत्र्याचं खूळ पोळ्याला उगवते आणि दिवाळीला वाळते. पत्रू हसून सोडून देई, पण त्याला ते लागे. पन्नाशी आली होती. स्वतःची वीतभर जमीन नव्हती. दुसऱ्याची गाडी हाकायची, सुगीत दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत राबायचं, आणि मिळेल ते धान घरी आणायचं. आपल्या हातून गावात एक तरी गोष्ट टिकावी, एवढीच बिचाऱ्याची हाव होती.

मालगुजारी जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. पत्रू तांदळाची पोती घेऊन नागभीडला गेला होता. तिथे स्टेशनच्या मागे रेल्वेची माणसं बांधलेल्या जाळीवरून पिसांचं फूल टोलवत होती. पोट सुटलेले बाबू, काटकुळा खलाशी, सगळे एकाच रांगेत आपल्या पाळीची वाट पाहत होते आणि एकमेकांना हसत होते. पत्रू बैल विसरून बघत राहिला. त्यांनी त्यालाही दोन टोले मारू दिले. हे काय आहे म्हणून विचारलं, तर कुणी तरी सांगितलं, हा आमचा क्लब. झालं. परतीच्या वाटेवर पत्रूने बैलांना सगळी योजना समजावून सांगितली.

तातीची रॅकेट परवडणार नव्हती आणि तुटली तर सांधणार कोण, म्हणून झाडू सुताराने सागाच्या तुकड्यांतून फळ्या कापून मुठी काढल्या. त्या हुबेहूब कपडे धुण्याच्या थापीसारख्या दिसत, आणि पाणवठ्यावरच्या बायांना त्यावर महिनाभर हसायला पुरलं. लच्छू ढिवराने मासे धरून धरून जीर्ण झालेलं जाळं दिलं. फुलाऐवजी बाजारातून रबरी चेंडू आला. आता चेंडू उसळायचा तर जमीन टणक हवी. तळ्याच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, गावठाणाचा एक तुकडा पडून होता, नुसता तरोट्याचं रान. तिघांनी तो खणला, मुरूम टाकला, पाणी मारून धुमसाने ठोकला. पत्रूची बायको रंभा पहिल्या दिवशी म्हणाली होती, या खुळात मले ओढू नका जी. चौथ्या दिवशी तीच चार बाया घेऊन आली आणि सगळी जागा शेणाने अशी सारवून दिली की तिथे पंगत बसवावी.

मग पत्रूने कोतवालाकडून दवंडी पिटवली, की किलब साऱ्या गावाचा आहे, लहानथोर कोणीही यावं. आणि लोक आले. आधी बघायला आले, मग नावं ठेवायला, मग खेळायला. खुद्द गुणवंतराव एकदा वजन पाहतो म्हणून फळी हातात घेऊन उभे राहिले ते दिवस मावळेपर्यंत हटले नाहीत. घाम पुसत म्हणाले, दिवाळीपर्यंत पाहू.

दिवाळी आली आणि गेली. किलब होता तिथेच होता. पत्रूला आभाळ ठेंगणं झालं. त्याने नागभीडला जाऊन स्टेशनवाल्यांना सामन्याचं बोलावणंच दिलं. संक्रांतीच्या आधीचा रविवार ठरला, चहा-चिवड्यासकट. आता गावाच्या देखत हा सामना झाला की गुणवंतरावांचं तोंड कायमचं बंद, असा त्याचा हिशेब होता.

सामन्याच्या चार दिवस आधी पत्रू सकाळी चेंडू घेऊन गेला, तर किलबात धान पसरलेलं. जाळं सोडवून, नीट घडी करून कडेला ठेवलेलं. एक खांब उपटून मधोमध गाडलेला, त्याला बैल जुंपलेले, आणि त्यांच्यामागे हातात काडी घेऊन शकुबाई. शकुबाई म्हणजे पाळीपलीकडची विधवा, एकटीने दोन एकर कसणारी आणि चौघांना पुरून उरणारी. तिच्या खळ्यात त्या साली तळ्याचं पाणी झिरपून चिखल झाला होता.

मागून झाडू आला तो भडकलाच. भारे उचलून बाहेर टाकू म्हणाला. पण म्हणाला तेवढंच. खळ्यावर एकदा धान पसरलं की रास मोजून उचलेपर्यंत त्याला परक्याने हात लावायचा नाही, हे तिकडे पोरासोरांनाही ठाऊक असतं. शेवटी पत्रू पुढे झाला.

"शकुबाई, ही खेळाची जागा आहे व."

"इतकी गुळगुळीत सारवली, खांब गाडले. मंग खळा नाई तं काय आहे?" बैल न थांबवता ती म्हणाली. "अन् तूच तं दवंडी देली, साऱ्या गावाचा म्हनून. मी गावातली नाई का?"

 दवंडीत लहानथोर म्हणताना पत्रूच्या डोळ्यांपुढे चेंडूमागे धावणारं गाव होतं. ज्यांना धावायला सवड नाही ते त्याच्या ध्यानातच आले नव्हते. तो नागभीडला गेला आणि सामना पुढे ढकलून आला. स्टेशनवाले हसले, माघात येऊ म्हणाले. गावात शिरताच गुणवंतरावांनी विचारलं, "वाळलं ना?" पत्रू न थांबता किलबाकडे निघाला.

तिथे आणखी दोन गाड्या आपल्या नंबराची वाट पाहत पाळीखाली उभ्या. प्रत्येक फेऱ्याला बैलांच्या खुरांनी सारवलेली जमीन उकरली जात होती. झाडू फळ्या घरी घेऊन गेला. लच्छू जाळं नेतो म्हणाला, तळ्यात मासा आला होता. एकेक करून सगळं उठून चाललं. पण काम चाललेल्या खळ्याशेजारी हात बांधून उभं राहणं पत्रूच्या अंगात नव्हतं. त्याने सूप उचललं आणि वारा बघून शकुबाईचं धान उपणायला लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी रास पडली. मोजायला वडीलधारं माणूस म्हणून गुणवंतराव आले. पहिली पायली देवाची निघाली, मग कोतवालाची, सुताराची. पत्रू कडेला केरसुणीने विखुरलेले दाणे गोळा करत होता. तेवढ्यात शकुबाईने रासेवर हात ठेवला.

"खळ्याच्या धन्याची पायली राहिली, पाटील."

दुसऱ्याच्या खळ्यावर बैलांखाली धान चुरलं की खळ्याच्या धन्याला एक पायली द्यायची, ही जुनी रीत. पण गुणवंतराव म्हणाले, गावठाणाच्या जागेला धनी कुठला?

"जागा असन गावठाणाची. तरोटा होता तवा कोणी धनी नाई आला. खळा यानं केला." तिने पत्रूकडे बोट केलं.

पत्रूने मागे वळून पाहिलं, की कुणाविषयी बोलणं चाललंय. मागे कुणीच नव्हतं.  गुणवंतरावांनी स्वतः पायली भरली, वर शीग चढवली आणि म्हणाले, "धर. पदर पसर."

पत्रूने खांद्यावरचा दुपट्टा पसरला. हे किलबाचं आहे असं काहीतरी तो पुटपुटला. शकुबाई म्हणाली, किलबाले घर आहे का, तुह्या घरी ठेव. निघता निघता गुणवंतरावांनी बजावलं की शेवटची रास उचलली की जागा पुन्हा ठोकून सारवून घ्या, माघात स्टेशनवाले येतील तेव्हा गावाची शोभा नको व्हायला. गावाची, म्हणाले. पत्र्याची नाही.

घरी रंभा दारातच भाजी निवडत होती. त्याच्या दुपट्ट्याला आलेली गाठ पाहून तिने नेहमीचाच प्रश्न केला.

"कोनाकडची मजुरी जी आज?"

पत्रूने दुपट्टा खांद्यावरून उतरवून तिच्यापुढे धरला.

"मजुरी नाई व," तो म्हणाला. "खळ्याचा वाटा आहे. आपल्या खळ्याचा."

रंभाने हात पुसले, उठली आणि ती गाठ दोन्ही हातांनी घेतली. मजुरीचं धान कोपऱ्यातल्या कणगीत होतं. त्यात तिने हे मिसळलं नाही.