फ्रिजचं दार

ऑफिसात सगळे त्याला केबलराव म्हणायचे. वायरलेसवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता, आणि हे मत तो कुणी विचारायच्या आत सांगून मोकळा व्हायचा. कंपनीचं सगळं नेटवर्क त्याच्याकडे. मीटिंगमध्ये व्हिडिओ अडकला की हा टेबलाखाली शिरणार, केबल खोचणार आणि वर येऊन प्रवचन देणार, "हवेतून येतं ते हवेतच जातं. वायर लावा, वायर!" कुणी नवा फोन दाखवला की म्हणायचा, "टोपी नवी, डोकं तेच." मोबाइलवरून लागणाऱ्या दिव्यांवर तर त्याचा विशेष राग. दिव्याला अक्कल कशाला हवी? बटण दाबलं, लागला, संपलं.

पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. याच माणसाने बापाच्या फ्रिजला अक्कल दिली होती.

आई गेल्यापासून बाबा दुसऱ्या गावी, जुन्या फ्लॅटमध्ये एकटे राहत. सगळी नोकरी बस डेपोच्या चौकशीच्या खिडकीत गेलेली, त्यामुळे बोलायची भारी हौस. फोन केला की तास कुठे जायचा कळायचं नाही. केबलरावला तेवढा वेळ नसायचा, आणि फोन नाही केला तर जीव टांगणीला. मग एका सुट्टीत त्याने फ्रिजच्या दाराला एक सेन्सर चिकटवला आणि चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. दार उघडलं की याच्या मोबाइलवर निरोप येणार, 'बाबा ठीक आहेत.' दुपारपर्यंत उघडलंच नाही, तर भोंगा वाजणार. स्वतःच्या हुशारीवर स्वारी जाम खूश होती.

"अरे, फ्रिजला कशाला विचारतोस? मला विचार की," बाबा म्हणाले.

"तुम्हाला उगाच त्रास नको म्हणून, बाबा."

"मला कसला त्रास? मी रिकामाच असतो."

पण रुसून बसणं बाबांच्या स्वभावात नव्हतं. शेजारच्या काकूंना त्यांनी तो सेन्सर कौतुकाने दाखवला. सकाळी उठल्यावर काही नको असलं तरी ते फ्रिज उघडून हजेरी लावत. मुलाचा फोन आधी रोजचा होता, तो रविवारवर आला. पुढे रविवारही चुकायला लागला. काळजी मिटली होती ना! आता बोलायचं तरी काय, असं त्याला वाटायचं.

त्या दिवशी ऑफिसात जुनी यंत्रं काढून नवी बसवायचं काम चाललं होतं. केबलराव वायरींच्या जंजाळात मांडी घालून बसला होता. दुपारी खिशातला मोबाइल थरथरला. बाबा ठीक आहेत. पुन्हा थरथरला. बाबा ठीक आहेत. मग एकामागून एक सुरूच झालं.

"बाबांना आज भूक लागलेली दिसते," फ्रिजची गोष्ट ठाऊक असलेला बाजूचा सहकारी मोबाइलवर डोकावत म्हणाला, आणि दोघं हसले.

"छे, सेन्सर सैल झाला असणार," केबलराव म्हणाला. त्याच्या धंद्याची रीतच ती. एकच निरोप सारखा यायला लागला की आधी संशय यंत्रावर. रविवारी जाऊन नीट करू, असं ठरवून त्याने त्या निरोपाची थरथर बंद केली आणि पुढची वायर हातात घेतली.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. बेल वाजवूनही दार उघडेना, म्हणून त्यांनी आपल्याकडच्या चावीने उघडलं होतं. बाबा स्वयंपाकघरात फरशीवर पडले होते. फ्रिजचं दार अर्धवट उघडं होतं आणि त्याच्या कडेला त्यांचा हात होता. मोबाइल आत पलंगावर राहिला होता. दुपारी छातीत दुखून पडले असावेत, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हाच कुणी पोचलं असतं तर, एवढं बोलून ते थांबले.

सगळं उरकल्यावर पाहुणे पांगले. केबलराव त्याच स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसला होता. काकू भांडी आवरत होत्या.

"मी त्यांना किती वेळा म्हटलं, फोन खिशात ठेवत जा," काकू म्हणाल्या. "तर म्हणायचे, फोन कशाला? कधी पडलो-झडलो तर फ्रिजचं दार वाजवीन. पोराने तसं करून ठेवलंय, त्याला लगेच कळतं." त्यांनी पदराने डोळे पुसले. "त्या दिवशी नेमकं बंद पडलं होतं का रे ते?"

हो म्हटलं असतं तर काकूंना पटलं असतं. यंत्रं ऐन वेळी दगा देतात, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. त्याच्या तोंडावर ते आलंही होतं. पण बापाच्या घरात, त्या फरशीवर बसून, ते त्याच्याने बोलवेना. त्याला रडू फुटलं.

"नाही, काकू," तो म्हणाला. "चालू होतं. मला सगळे निरोप मिळाले."