छायाचं सुटणं

छाया तुरुंगात परत आली की पहिले दोन दिवस नुसती झोपायची. महिला वॉर्डात सकाळपासून गलका असे. बादल्यांचा, भांडणांचा, एखादीच्या तान्ह्या लेकराचा. त्यात ही भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेली. मी आठवड्यातून दोनदा तिथे शिवण शिकवायला जात असे. एकदा मी तिला विचारलंच. म्हणाली, "बाहेर डोळा लागला का कोनी ना कोनी उठवतेच, काकू. इथं दाराले कुलूप हाय, मंग भेव नाई लागत."

ती मरोदा वस्तीतली. वडील पोलादाच्या प्लांटमध्ये ठेकेदाराकडे मजूर होते; ते गेल्यावर घर तिच्याहून बऱ्याच थोरल्या भावाच्या हाती आलं. सोळाव्या वर्षी ती राजू नावाच्या माणसाबरोबर पळाली. नीटनेटक्या पोरीवर कोणी संशय घेत नाही, हे त्याने हेरलं आणि तिला सिविक सेंटरच्या बाजारातल्या गर्दीत पर्स मारायला शिकवलं. अठरा ओलांडल्यावर पकडली गेली तेव्हा तो पलीकडच्या गल्लीत मोटारसायकल सुरू ठेवून उभा होता. तसाच निघून गेला.

पहिल्यांदा सुटली त्या दिवशी मी फाटकापाशीच होते. स्वतः शिवलेला कुर्ता घालून ती बाहेर आली. भावाला निरोप गेला होता. तो आला नाही, राजू आला. "चल, बैठ," एवढंच म्हणाला. छाया थोडा वेळ रस्त्याकडे पाहत राहिली आणि मग त्याच्या मागे बसली.

पुढच्या वेळी ती रेल्वेत गांज्याच्या पिशवीसकट सापडली. पिशवी राजूची होती. "त्याचं नाव का नाही सांगितलंस?" मी चिडून विचारलं.

"सांगतलं असतं तं सुटल्यावर न्यायले कोन आलं असतं?"

म्हणून या खेपेला ती सुटायच्या आधीच मी सेक्टर १० मधल्या एका ओळखीच्या टेलरशी बोलून ठेवलं. दुकानामागच्या खोलीत राहायची सोय झाली. तिचा हात चांगला होता. फॉल-पिको करताना ती गुणगुणायची, गिऱ्हाईक बायकांशी हिंदीत थट्टा करायची. पण आसपास कुठे चोरी झाली की शिपाई दुकानात हजर. "छाया कौन है?" सगळ्यांसमोर. टेलर सज्जन माणूस. शेवटी तोही म्हणाला, "मॅडम, लड़की अच्छी है, पर ग्राहक टूट रहे हैं."

मी तिला मरोद्याला घेऊन गेले. आईने दार उघडलं, घट्ट कवटाळलं, गरम वरणभात वाढला. छाया जेवत होती तोवर तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मग घड्याळाकडे पाहून हळूच म्हणाली, "दादाची ड्युटी सुटून राहिली. तो यायच्या आधी जाय, बाई." छायाने आपलं ताट स्वतः घासून पालथं घातलं.

"माझ्या घरी चल," मी म्हटलं. ऑटोत बसली खरी, पण सिविक सेंटरपाशी थांबवायला सांगून उतरली. "तुमच्या घरी बी पोलीस येईन, काकू. लोकं तुमाले काय काय म्हनन." हाक मारली, तरी वळली नाही.

त्यानंतर ती एकदाच वॉर्डात आली. डोळ्याखाली जुना मार, हाताला दारूची थरथर. सुई धरता येईना. "मले सुटाचंच नाई," म्हणायची. पण शिक्षा संपली की कोणाला आत ठेवत नाहीत.

सुटल्यावर ती राजूकडेच गेली; त्या थंडीत त्याने तिला पोटात लाथा मारल्या आणि सरकारी दवाखान्याच्या दारात टाकून पळाला. तिने नर्सला माझं नाव सांगितलं होतं. मी पोचले तेव्हा ती गेली होती.

मी फोन केल्यावर भाऊ मात्र लगेच आला, ड्युटीच्या कपड्यातच. शवागाराबाहेर मी त्याला काही विचारलं नव्हतं, तोच भिंतीकडे पाहत बोलू लागला, "माह्या दोन पोरी लग्नाच्या हायेत, मॅडम. हिले घरात ठेवली असती तं कोन आलं असतं पाहाले?"

त्याने तिला घरी नेलं. शेजारपाजारच्या बाया जमल्या. आई उशाशी बसून बोटांनी तिच्या केसांतला गुंता सोडवत होती. गाठ सुटेना तेव्हा म्हणाली, "हळू करते बाई, हळू," आणि हात आणखी हलका केला.