चारच माणसांची उपासना

ईस्टरला कुरखेड्याकडे जायचं हे माझ्या नवऱ्यानं, वसंतनं, मला न विचारता ठरवलं. त्याचे मामा तिथल्या एका जंगलगावात पाळक होते. 'गाणारं कोणी उरलं नाही, दोघं या,' अशी त्यांची चिठ्ठी आली होती. ऐंशीनंतरची ती वर्षं. जंगलात नक्षलवादी, रस्त्यावर पोलीस, आणि आम्ही भद्रावतीहून बाजाची पेटी घेऊन निघालो!

आज तुम्ही सुखानं जाल. तेव्हा नक्षलवाद्यांनी बंद पुकारला होता. एसटी मूल गावात थांबली ती थांबलीच. "समोर झाडं पाडून ठेवली, आता उद्या," म्हणून कंडक्टर मोकळा. स्टँडवर चहा गार आणि डास ताजे. दुसऱ्या दिवशी कुरखेडा, पुढे दोन कोस पायी, डोक्यावर चैताचं ऊन. पेटी अर्थातच आळीपाळीनं.

पोचलो तर मामा म्हणतात, "जमावबंदी लागली. पाच मानसं एका जागी दिसली का पोलीस नेतात."

"मग आम्हाला बोलावलं काऊन?"

"चारले बंदी नाई ना, सूनबाई."

म्हणजे घरोघरी जायचं: मामा, मी आणि त्या त्या घरातली दोन माणसं. बाकीची तेवढ्या वेळापुरती मोहफुलं वेचायला. पेटी वाजवणारा वसंत पाचवा ठरला. तो लाखोळीचं वरण आणि भात ओरपत बसला.

ईस्टरच्या सकाळी आठ घरं, आठदा तेच गाणं, आठदा तीच लांबलचक प्रार्थना.

"मामा, जरा आखूड करा."

"देवाले घाई नाई."

नववं घर सरूबाईचं. उपासनेला कोण कोण येतं, हे पोलिसांनी तिच्या नवऱ्याला तीन दिवस ठाण्यात बसवून विचारलं होतं. तेव्हापासून दोघं येत नव्हते. दार बंद. मामा प्रभुभोजनाची भाकर हातात घेऊन उन्हात उभे.

"त्यांना नाही यायचं, तर मागे काऊन लागता?" मी चिडले.

"मांगं नाई लागलो. हा त्यायचा वाटा होय. गा."

रागानं मी असा सूर लावला की दार वीतभर उघडलं.

"हळू गा ना बाई! सारा गाव आयकून राह्यला!" सरूबाईनं आम्हाला आत ओढलं.

तिचा नवरा चुलीपाशी बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही, पण हात पुढे केला. सरूबाईचे डोळे दाराच्या फटीवर. मामांनी भाकर मोडली आणि एवढंच म्हणाले, "प्रभू, यायले भेव नको वाटू दे." आमेन. संपलं. त्या दिवसातली सगळ्यात छोटी प्रार्थना.

परतल्यावर आठ दिवस माझा घसा बसला. कॉलनीतल्या चर्चमध्ये गर्दी होती. आमच्या बाकावर सहाजणी होतो. मी मोजल्या, आणि मग माझी मलाच चीड आली.

पावसाळ्यात मामांचं पत्र आलं. सरूबाई अजून उपासनेला येत नाही, पण रविवारी दाराला आतून कडीही घालत नाही.

"बघ!" वसंत म्हणाला.

मला काय बघ म्हणतो? त्या दारासमोर उन्हात मी उभी होते.